अडीच परस खाली

१४ डिसेंबर, रविवार

आधी सगळ्यांची खुशाली, मग बाकीचं. नियम म्हणजे नियम.

कौसाचा डावा गुडघा थंडी पडल्यापासून कुरकुरतो. खाली बसून उठताना "आई गं" म्हणते, मी बघतोय हे कळलं की म्हणत नाही. पोराची, दत्ताची, कंबर बरी, टेम्पोच्या सीटवर उशी टाकल्यापासून. सूनबाईला सर्दी, पण जिभेला आराम नाही. म्हैस गाभण, घरात सगळ्यात झकास तब्येत तिचीच. माझा उजवा कान दोन दिवसांपासून ओला. जुनंच दुखणं.

दुपारी संगीताचा फोन. लेक तिकडं मालवणच्या बाजूला झेडपीच्या शाळेवर आहे, सहा वर्षं झाली. दरवेळी "या, या" म्हणते, आम्ही दरवेळी "येऊ, येऊ". आज म्हणाली, "आबा, तुमची हयात विहिरीत बुड्या मारण्यात गेली. एकदा समुद्राच्या पोटात बघा. इथं खडकांत नेतात, तोंडात नळी देतात, पाण्याखाली श्वास घेता येतो. सव्वीस जानेवारीला जोडून या."

मी हो म्हणालो. खरं सांगायचं तर छाती दोन बोटं फुगली.

फोन कौसाकडं गेला. तिनं तब्येत विचारली नाही, शाळा विचारली नाही, जावयाचं विचारलं नाही. पहिला प्रश्न: "मासे खरंच दिसत्यात का गं? का बोलायच्या गोष्टी?" मग अर्धा तास मासेच.

१६ डिसेंबर

ही वही मूळची विहिरीची. कुणाच्या विहिरीतून काय काढून दिलं ते लिहायचो. घागरी, बादल्या, मोटारीचे फुटवाल, एकदा नवरदेवाचं घड्याळ. चौथी नापास माणूस, लिहून लिहूनच लिहायला शिकलो. आता गावभर बोअर झाले. बोअरमध्ये घागर पडत नाही आणि माणूस उतरत नाही. म्हणून वहीत आता घरचं.

खूण म्हणून एस.टी.चं जुनं तिकीट ठेवतो. परवा रविवारच्या पानात ठेवलं होतं. आज मागच्या महिन्यात सापडलं.

तिकिटाला पाय फुटले म्हणायचे.

१९ डिसेंबर, शुक्रवार. येळवस (वेळ अमावस्या)

सगळं घर शेतात. कडब्याची कोप उभी केली, पूजा झाली, आंबील आणि भज्जी हाणली. आंबील यंदा जरा जास्तच आंबली होती, कुणी बोललं नाही, सगळ्यांनी दोन-दोन तांबे प्यायले. पाहुणेरावळे, शेजारपाजार. शेजारचा केशव तर आंबलीच्या मडक्याजवळच बसला, मडक्याची राखण केल्यासारखा.

जेवणं झाल्यावर कौसा विहिरीच्या कठड्याला टेकून उभी होती. खाली बघत. मी जवळ गेलो.

"किती पाणी हाय?" म्हणाली.

"चार परस." एक परस म्हणजे एक माणूस उंच. आमच्याकडं पाणी असंच मोजतात.

"तुमी बुडी मारली की मी वर काय करायची, ठाव हाय का तुमाला?"

"दोर धरून बसायचीस."

"दोर तर धरायचीच. दम बी धरायची. तुमी वर आले की सोडायची."

इतक्या वर्षांत हे मला माहीत नव्हतं. मी म्हणालो, "मग तुझा बी दम चांगला असंल." ती हसली. म्हणाली, "पाणी तुमी आतून बघितलं. मी वरूनच."

लग्नाच्या दुसऱ्या वर्षाची गोष्ट लिहून ठेवतो. कधीच लिहिली नव्हती. त्या उन्हाळ्यात मी गावातली बारा पोरं पोहायला शिकवत होतो. कमरेला दोर, पाठीला वाळका भोपळा, आणि द्यायचं ढकलून. एका दुपारी पोरं गेल्यावर कौसा घागर घेऊन आली. भोपळा तिथंच पडला होता. तो उचलून म्हणाली, "मला बी बांधा की."

मी हसलो. नुसता हसलो असतो तरी चाललं असतं. वर म्हणालो, "लोक काय म्हणतील." आणि घरी येऊन आईला सांगितलं, भावाला सांगितलं, सगळे हसले.

पुन्हा तिनं कधी विचारलं नाही.

२४ डिसेंबर

अहमदपूरला गेलो, दोघं. संगीतानं मोबाईलवर कागद पाठवला होता. दम लागतो का, बी.पी. आहे का, कान फुटतो का. डॉक्टरची सही लागते म्हणे.

डॉक्टरनं कानात बत्ती घातली. बराच वेळ बघत राहिला. म्हणाला, "काका, पडद्याला भोक हाय. लई जुनं. काय काम करायचे तुमी?"

"विहिरीत बुड्या."

"मग बरोबर हाय. पाण्याखाली जायचं नाव काढू नका. तोंड धुताना बी कापूस घाला."

बाहेर बाकड्यावर बसलो. चाळीस वर्षं ज्या पाण्यानं खायला घातलं, त्यानंच कान खाल्ला. तक्रार नाही. पण आता समुद्रासाठी मन तयार झालं होतं. लहान पोरासारखं वाईट वाटलं, लपवलं नाही.

कौसा म्हणाली, "मग जायचंच न्हाई का?"

मी म्हणालो, "जायचं. तू उतरायचं."

"मी?"

"तू."

"येड लागलं का तुमाला," म्हणाली आणि तिथून उठली. पण बाहेर गेली नाही, आत गेली. डॉक्टरच्या टेबलासमोर उभी राहून म्हणाली, "माजं बी बघा." कान ठीक, छाती ठीक, बी.पी. माझ्यापेक्षा चांगलं. एकसष्टाव्या वर्षी. डॉक्टरनं सही केली.

परत येताना एस.टी.त कडेची जागा धरली. खिडकीतून बघत होती. ओठ मात्र आवळून धरले होते, हसू बाहेर पडू नये म्हणून.

२८ डिसेंबर

कपड्यांचा प्रश्न. संगीता म्हणते अंगाला घट्ट बसणारा काळा झगा-पायजमा देतात, रबरासारखा. कौसा: "ह्या वयात पॅन्ट?" सूनबाई: "आत्या, पाण्याखाली कोण बघणार हाय, मासेच की." कौसा: "मग मासे काय म्हणतील."

हे वाक्य माझ्याकडं बघून म्हणाली.

म्हणजे येळवसेचं पान वाचलंय.

२ जानेवारी

आजपासून शिकवणी. माझा गुण मी तिला देणार. उशीर झाला, पण देणार.

म्हशीच्या हौदाशेजारी खुर्ची. घंगाळात पाणी. तोंड पाण्यात घालायचं, दम धरायचा, मी अंक म्हणणार. पहिल्या दिवशी सात. नाकात पाणी गेलं, शिंकली, घंगाळ सांडलं, म्हैस दचकली.

केशव कुंपणावरून डोकावला. "दादा, वहिनीला भूत लागलं का काय, उतरवून राहिले?"

कौसा तोंड पुसत म्हणाली, "भाऊजी, तुमचं उतरलं की माजं सुरू करू."

८ जानेवारी

चौदा. मग एकोणीस. सांगितलं: घाई नाही. छाती भरून घ्यायची, पोट आवळायचं, घसा बंद. आतून धडका बसतात, बसू द्यायच्या. धडका म्हणजे मरण नव्हे, नुसती दारावरची थाप.

"इतकं सगळं तुमी मनात करायचे?" म्हणाली. "मला वाटायचं नुसती उडी."

१४ जानेवारी, संक्रांत

बायका वाणाला आल्या. कौसानं कुणाला सांगितलं नाही, लेकीकडं चालले एवढंच. त्या गेल्यावर घंगाळ मागितलं.

एकतीस.

माझ्यानंतर गावात दम हिचाच. मला उगीच वाटतं की मागचं थोडं फिटलं.

२० जानेवारी

निघालो. अहमदपूर ते लातूर, लातूर ते कोल्हापूर, पुढं मालवण. बरोबर ज्वारीचं पीठ, शेंगाचटणी, लोणचं. संगीता म्हणते तिकडं सगळं मिळतं. लेकीला सगळं मिळत असतं, तरी आईची पिशवी हलकी होत नाही.

कौसाला गाडीत झोप नाही. हळूच ओठ बंद करून दम धरत होती. बोटांवर मोजत होती. मी झोपलोय असं तिला वाटलं.

२२ जानेवारी, गुरुवार

पोचलो. खुशाली: संगीता वाळली आहे पण हसते. जावई तब्येतीनं भरले, माशांनी. कौसाचा गुडघा प्रवासानं सुजला, तेल लावलं. माझा कान कोरडा.

संध्याकाळी समुद्र. काय लिहावं. आमच्याकडं पाण्याला काठ चारी बाजूंनी असतो. इथं एकाच बाजूनं.

कौसानं वाकून बोट बुडवलं, जिभेला लावलं.

मी म्हणालो, "संगीतानं सांगितलं होतं खारट असतं."

"सांगितलं होतं. तरी."

किनाऱ्यावर रुपेश नावाचा माणूस भेटला. तिशीचा. त्याची मुलगी संगीताच्या वर्गात. हाच पाण्याखाली नेणार. मी त्याला दहा प्रश्न विचारले, त्यानं वाळूत काडीनं काढून दाखवलं. लिहून ठेवतो.

समुद्रातल्या किल्ल्याच्या मागं खडकांची ओळ आहे. किल्ल्याकडच्या बाजूला, आतल्या अंगाला, पाणी निवांत. अडीच परस. नवख्या माणसाला तिथंच नेतात. पोहता येत नसलं तरी चालतं, तो मागून धरून असतो. ज्याला खालीच जायचं नाही त्यानं तिथंच जाकीट घालून, तोंडात वाकडी नळी धरून, पालथं तरंगायचं. वरूनही रंगीत मासे दिसतात.

खडकांच्या पलीकडल्या अंगाला चार-पाच परस. मासे मोठे, पण पाण्याला ओढ. तिथं पोहणाऱ्यालाच.

आणखी दूर समुद्रात सुटे खडक आहेत, तिथं शिकून सर्टिफिकेट घेतलेलेच जातात. पावसाळ्यात सगळंच बंद. वारा फिरला की भर हिवाळ्यातही बंद. पाणी गढूळ झालं तर जाऊन उपयोग नाही.

मी म्हणालो, "विहिरीत पण कपारीतच सगळं असतं. मधोमध काही नसतं."

तो म्हणाला, "आजोबा, हंय पण तसाच." पाहुण्यांशी सरळ मराठी बोलतो, मधूनच मालवणीत घसरतो.

चांगला माणूस. विहिरीत उतरला असता तर नाव काढलं असतं.

२४ जानेवारी, शनिवार

वाईट दिवस. लिहायला नको वाटतं पण लिहितो.

आज सराव. कमरेएवढ्या पाण्यात. कौसाच्या अंगावर काळे कपडे. आधी टॉवेल गुंडाळून आली, मग संगीतानं ओढून घेतला. डोळ्यांना काच, पाठीला टाकी, तोंडात रबर. रुपेश म्हणाला, "आजी, नियम एकच. दम धरायचा नाही. काय पण झाला तरी. घेत रवायचा, सोडत रवायचा. खाली दम धरला आणि तसाच वर आला, तर छातीत हवा फुगते, इजा होते. म्हणून कधीच धरायचा नाही."

मी काठावर खडकावर बसलो होतो. ऐकलं, आणि घंगाळ आठवलं.

कौसानं तोंड पाण्यात घातलं. एक बुडबुडा नाही. रुपेशनं खूण केली, श्वास घे. नाही. वर काढलं. पुन्हा. पुन्हा एकही बुडबुडा नाही. तिसऱ्यांदा स्वतःच घाबरून उसळली, तोंडातलं रबर काढून खोकत राहिली.

रुपेश म्हणाला, "आजये, असो दम धरूक तुका कोणी शिकवल्यान?"

कौसानं माझ्याकडं बोट दाखवलं.

तो हसला नाही. बरा माणूस. म्हणाला, "उद्या बघू. नाही जमलं तर नळी घेऊन वरूनच दाखवतो."

वरूनच.

घरी आल्यावर कौसा म्हणाली, "चला गावाकडं. बघितला समुद्र." केस पुसत होती, माझ्याकडं पाठ.

मी म्हणालो, "माझं चुकलं. मी उलटं शिकवलं."

"तुमी शिकवलं तेवढं बास."

"तसं नाही. तेव्हा शिकवायला पाहिजे होतं, तेव्हा हसलो. आता शिकवलं तर हे."

ती बराच वेळ केस पुसत राहिली. केस केव्हाच वाळले होते. मग म्हणाली, "हसल्याचं काय न्हाई. सासूबाईला सांगितलं, त्याचं वाईट वाटलं. आठ दिवस पाणी आणायला गेले की जावा म्हणायच्या, भोपळा इसरला का."

चाळीस वर्षांत पहिल्यांदा बोलली.

मी उठून तिच्याजवळ बसलो. दुसरं काय करणार.

त्याच दिवशी, जेवणाआधी

थोडं अजून. संगीताकडं गॅस आहे, पण पाणी तापवायला मागच्या दारी चूल आहे. कौसा तिथं जाऊन बसली. बसायला जागा पाहिजे असली की ती चुलीशीच जाते. लाकडं ओली, धूर. फुंकणी घेऊन फुंकत होती. मी दारात.

फुंकता फुंकता थांबली. फुंकणीकडं बघितलं. पुन्हा तोंडाला लावली. नाकानं घ्यायचं बंद केलं, चुलीपासून तोंड वळवून फुंकणीतूनच आत ओढलं, चुलीत सोडलं. ओढलं, सोडलं. खोकली. राख गेली असणार. पुन्हा.

"अवं," म्हणाली, "ही फुंकणीच हाय की. इतकंच म्हणून राहिला होता तो. दम धरला तर जाळ लागल का?"

ह्यात माझी शिकवणी नव्हती. हे तिचंच.

संगीता आली. "माय, काय चाललंय?" "पाणी तापवून राहिले," म्हणाली.

२५ जानेवारी, रविवार

सकाळी होडी. मी, संगीता, रुपेश, होडीवाला आणि कौसा. वारा नाही. किल्ला डाव्या हाताला. खडकांच्या आतल्या अंगाला होडी बांधली. रुपेशनं बोटानं दाखवलं, तळ दिसत होता. अडीच परस पाण्याचा तळ दिसतो हे मी आमच्या विहिरीत चैत्रात एखाद्या वेळी बघितलंय.

कौसा होडीच्या काठावर बसली. कुंकू पुसू नये म्हणून काच जरा खाली बसवा म्हणत होती. रुपेश म्हणाला, खाली बसवली तर पाणी शिरेल. तिनं अंगठ्यानं कुंकू पुसलं आणि अंगठा माझ्या बाहीला पुसला.

"बसा हितं. दोर धरायची गरज न्हाई."

गेली.

पहिल्यांदा काही दिसेना. डोकं खाली गेलं, काळे कपडे खाली गेले. बुडबुडे नाहीत. मी काठ धरला.

मग एक झुंबड आली. पांढऱ्या बुडबुड्यांची. मग थांबलं. मग दुसरी. चूल फुंकल्यासारखी, सारख्या अंतरानं.

मी बघत राहिलो. किती वेळ ते माहीत नाही. संगीतानं माझ्या पाठीवर हात ठेवला. "आबा, श्वास घ्या."

धरला होता. मला कळलंच नाही.

घेतला. पुन्हा खाली बघायला लागलो आणि पुन्हा धरला. संगीता म्हणाली, "आबा." असं तीन वेळा. शेवटी ती माझ्या शेजारी बसून मोठ्यानं म्हणत राहिली, घ्या, सोडा. होडीवाला दुसरीकडं बघत होता. शहाणा माणूस.

वरून काय असतं ते आज कळलं. खाली गेलेल्या माणसाला काम असतं. वरच्याला नसतं.

बुडबुडे खडकाकडं सरकले. तिथं थांबले. लई वेळ एकाच जागी. मग परत आले. डोकं वर आलं. रुपेशनं काच काढली. कौसाचे डोळे लाल, नाकातून शेंबूड, कपाळ मोकळं. मी तिला असं कधी बघितलं नव्हतं.

होडीत बसवली, टॉवेल दिला, चहा दिला. अर्धा कप झाल्यावर म्हणाली, "एक मासा माज्याकडं बघून राहिला होता. हळदीसारखा पिवळा, काळे पट्टे. मी हलले न्हाई. त्यो बी हलला न्हाई."

मग कप खाली ठेवून: "तुमी इतकी वर्षं एकटेच बघून राहिले."

मी म्हणालो, "विहिरीत मासे कुठं असतात असले. बेडूक असतो."

"बेडूक तर बेडूक," म्हणाली.

२६ जानेवारी

संगीताच्या शाळेत झेंडावंदन. पोरांनी कौसाला विचारलं, आजी, भीती वाटली का. तिनं अर्धा तास सांगितलं. मासे स्वयंपाकघराच्या मापानं: हा पळीएवढा, तो परातीएवढा, एक पोळपाटासारखा चपटा वाळूत झोपलेला. खडकावर काटेरी गोळे, "दाढी न केलेल्या माणसासारखे." पोरं माझ्याकडं बघून हसली. दाढी राहिली होती.

रुपेशची मुलगी पहिल्या रांगेत. तिला सगळं माहीत असणार, तरी तोंड उघडं ठेवून ऐकत होती.

मी गुडघाभर पाण्यात खडकावर बसून आलो. कानात कापूस. एक खेकडा पायावरून गेला. माझ्या वाट्याचा समुद्र.

३० जानेवारी

घरी. खुशाली: म्हैस व्याली, पारडी झाली, आम्ही नव्हतो तेव्हाच. दत्ता बरा. सूनबाईची सर्दी गेली. गुडघा खाऱ्या पाण्यानं बरा झाला असं कौसाचं मत, माझं मत नाही, पण वाद नाही.

केशव आला. "काय वहिनी, मोती आणले का समुद्रातून?"

"मोती न्हाईत भाऊजी. कपारीत एक वाम मासळी होती. दिवसभर तोंड उघडं ठेवून बसती. तुमची लई आठवण आली."

केशव चहा पिऊनच गेला.

३ फेब्रुवारी

कौसा शेतात जाते म्हणून निघाली, काम काही नव्हतं. मी थोड्या वेळानं गेलो. कठड्याला टेकून खाली बघत होती.

मीही शेजारी टेकलो.

पाणी तीन परस. उन्हाळ्यापर्यंत दोनावर येईल. तेव्हा सगळ्यात खालच्या पायरीवर बसलं तर कमरेएवढं.

६ फेब्रुवारी

माळ्यावरून जुना भोपळा काढला. उंदरांनी पोखरला आहे. ठेवला तिथंच परत. बाजारातून वीस लिटरचा रिकामा कॅन आणला, झाकण घट्ट, आत हवा राहते. भोपळ्याचंच काम करतो. नवीन दोर. दोन्ही ओसरीच्या खुंटीला अडकवले.

सूनबाई: "आबा, हे कशाला?" मी: "असू दे."

कौसा खुंटीखालून दिवसभरात दहादा गेली. एकदाही वर बघितलं नाही. इतकं न बघणं म्हणजे बघणंच.

८ फेब्रुवारी, रविवार

खुशाली सगळ्यांची ठीक. तिकीट आज पुन्हा सरकलेलं. पंचवीस जानेवारीच्या पानात होतं.

म्हणून आज वेगळं लिहितो.

कौसा, तू सातवी शिकलीस, मी चौथी नापास. माझ्या चुका तू मनातल्या मनात सुधारत असशील. ही वही तू वाचतेस हे मला माहीत आहे आणि मला माहीत आहे हे तुलाही माहीत आहे. तोंडावर विचारलं तर तू "येड लागलं का" म्हणशील आणि विषय चुलीत जाईल. म्हणून इथं विचारतो.

त्या दिवशी तू भोपळा उचलला होतास. आता कॅन आहे. दोर मी धरीन. जावा आता राहिल्या नाहीत हसायला, आणि केशवचं तोंड तू बंद करशील. लोक काय म्हणतील ते मी ऐकून घेईन, तसाही माझा एक कान गेलेलाच आहे. दम धरायला मी शिकवणार नाही. हातपाय कसे मारायचे तेवढंच. बाकी तुला येतं.

घाई नाही. पाणी अजून थंड आहे. पण चैत्र लागेपर्यंत ठरव. नाही म्हणालीस तरी चालेल, कॅनात रॉकेल ठेवू.

उत्तर इथंच खाली लिही. जागा सोडली आहे. पेन वहीत ठेवलंय, तिकिटाशेजारी. लवकर लिही.